ग्राउंडवर येईनात, म्हणून ॲप?

पत्राचा गोषवारा: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक असलेल्या मॅडमनी हे पत्र लिहिलंय. नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रथम वर्षाच्या सगळ्या शाखांना आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा दोन क्रेडिटचा विषय आला. विद्यार्थी ४८० आणि शिकवायला त्या एकट्या. वर विद्यापीठ स्पर्धांचे संघ, जिमखान्याचा हिशेब, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली आहेतच. ग्राउंडवर निम्मी मुलंही येत नाहीत आणि आलेल्या मुली भिंतीकडेला बसून राहतात. प्राचार्यांचं म्हणणं पडलं, ‘मुलं दिवसभर मोबाईलवरच असतात, मग विषयच मोबाईलवर न्या.’ बीसीएच्या (संगणकाच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षातली चार मुलं प्रोजेक्ट म्हणून ॲप करून द्यायला तयार आहेत. आराखडाही झालाय: रोज १०,००० पावलं, जीपीएसवर धावण्याचं अंतर, कोण पुढे कोण मागे याची यादी आणि त्यावरूनच अंतर्गत गुण. मॅडमचे निवृत्त गुरुजी मात्र नाराज आहेत, ‘मोबाईलवर कुठे ग्राउंड शिकवतात का?’ म्हणून. मॅडम विचारतात: ॲप करावं का, केलं तर त्यात काय असावं, आणि ते चाललं तर उद्या ‘आता शिक्षक कशाला हवा’ असं तर कुणी म्हणणार नाही ना?

मॅडम, नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते. ॲप जरूर करा, पण आत्ता जे ठरलंय ते करू नका. तुमच्या आराखड्यातलं ॲप मुलांवर पाळत ठेवणारं आहे आणि त्यातून कुणी काही शिकणार नाही. आठवड्यात तुमची आणि एका मुलीची भेट एकदा-दोनदा होणार. त्या दोन भेटींच्या मधल्या दिवसांत तिने एकटीने, तुम्ही शिकवलेलंच, बरोबर करावं, यासाठी ॲप हवं. बाकी सगळं या एका गोष्टीवरून ठरवता येईल.

पण ॲपकडे जाण्याआधी वेळापत्रक बघा. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात ३० तास. दोन क्रेडिटचे ६० तास, म्हणजे १५ आठवडे दर आठवड्याला चार तास. साठ-साठच्या तुकड्या केल्या तर तुमच्या आठ तुकड्या होतात. आठ चोक बत्तीस तास आठवड्याला, एकट्या माणसाने, उभ्याने, उन्हात, आणि संघांचा सराव वेगळाच. हे कुणालाच झेपणार नाही. ‘निम्मी मुलं येत नाहीत’ असं तुम्ही लिहिलंय. सगळी आली असती तर तुम्ही त्यांना उभं कुठे केलं असतं? हा आकडा एका कागदावर मांडून आधी प्राचार्यांपुढे ठेवा. मुलांचा निरुत्साह आणि माणसांची टंचाई या दोन वेगळ्या अडचणी आहेत. ॲपने पहिलीवर थोडा उपाय होईल, दुसरीवर नाही. अभ्यासमंडळाची परवानगी असेल तर चारपैकी दोन तास ग्राउंडवर आणि दोन तास घरी नोंदवलेल्या सरावाचे, अशी विभागणी मागा. मग तुमचे तास सोळावर येतील आणि त्या सोळा तासांत तुम्ही खरोखर शिकवू शकाल.

आता त्या भिंतीकडेला बसलेल्या मुली. पत्रात तुम्ही त्यांना आळशी म्हटलेलं नाही, पण ‘उत्साह नाही’ असं दोनदा म्हटलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तिथे बसलेल्या दहाजणींपैकी पाच-सहा जणींना रक्तक्षय असू शकतो; त्यातल्या काहींना थोडं धावलं तरी धाप लागत असेल आणि त्याचं कारण त्यांनाही माहीत नसेल. कुणाची पाळी चालू असेल. कुणाकडे सलवार-कमीज सोडून धावायला दुसरे कपडे नसतील. कुणी पहाटे उठून पाणी भरून, भाकरी थापून, एसटी पकडून आलेली असेल. आणि मुलांच्या पूर्ण तुकडीसमोर उड्या मारायच्या नाहीत, हे तर बहुतेकींच्या मनात असतंच. यातल्या एकाही कारणावर गुणांची यादी हा उपाय नाही. उलट यादीत खाली नाव दिसलं की जी मुलगी निदान भिंतीपर्यंत येत होती ती फाटकापर्यंतही येणार नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे एक निनावी कागद वाटा. ग्राउंडवर येण्यात अडचण काय, घरी व्यायामाला जागा किती, फोन स्वतःचा की घरात एकच, एवढंच विचारा. ॲपचा आराखडा बीसीएच्या मुलांनी त्यावरून करावा.

फोनचं म्हटलं म्हणून पावलांचं आधी संपवते. फोन अंगावर असेल तेवढीच पावलं मोजतो. मुलांच्या पँटला खिसे असतात, म्हणून फोन दिवसभर त्यांच्या अंगावर असतो. मुलींच्या पंजाबी ड्रेसला बहुधा खिसाच नसतो. फोन पर्समध्ये, पर्स बाकावर, घरी गेल्यावर फोन फळीवर. विहिरीवरून चार हंडे आणणाऱ्या मुलीची पावलं शून्य आणि कट्ट्यावर फेऱ्या मारत गप्पा ठोकणाऱ्या मुलाची सहा हजार. यावर गुण द्यायचे म्हणजे उघड अन्याय आहे. आणि १०,००० हा आकडाही कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीने पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलं’ असं होतं. तो गोल आकडा जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मिनिटांमध्ये आहे: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार श्रमाचा, आणि निदान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम. ज्यांना पावलं मोजायची हौस आहे त्यांच्यासाठी फिट इंडियाचं ॲप २०२१ पासून फुकट आहे. तेच पुन्हा बनवण्यात तुमच्या मुलांनी एक सत्र घालवू नये.

धावण्याच्या अंतरावर गुण देण्याचा प्रयोग चीनमधल्या अनेक विद्यापीठांनी करून झालाय. सत्रात अमुक किलोमीटर धावायचं, ॲप जीपीएसने नोंदवणार, नाही केलं तर शारीरिक शिक्षणाचे गुण जाणार. त्यातून काय झालं? पैसे घेऊन दुसऱ्यांचे फोन खिशात घालून धावणारी मुलं तयार झाली. फोन आपोआप हलवत ठेवणाऱ्या छोट्या यंत्रांना गिऱ्हाईक मिळालं. खोटं ठिकाण दाखवणारी सॉफ्टवेअर आली. आपली मुलं याहून वेगळं काही करतील असं मला वाटत नाही, आणि त्यात मी त्यांना दोषही देणार नाही. फोनच्या सेन्सरला गुण चिकटवले की व्यायाम मागे पडतो आणि सेन्सरला फसवायचं कसं, हाच अभ्यास सुरू होतो.

जीपीएसबद्दल आणखी एक गोष्ट, आणि इथे मी आग्रही आहे. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या धावणाऱ्यांच्या ॲपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून लष्करी तळांच्या जागा आणि सैनिकांचे धावण्याचे मार्ग उघड झाले होते. प्रशिक्षित सैनिकांच्या लक्षात आलं नाही, ते तुमच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या कसं येईल? ती रोज सकाळी सहाला कुठल्या रस्त्याने एकटी जाते, ही माहिती कॉलेजच्या सर्व्हरवर, तीही बीसीएच्या चार मुलांच्या हातात असण्याचं काहीही कारण नाही. ॲपमध्ये जीपीएस ठेवू नका. हे वाचणाऱ्या इतर महाविद्यालयांनीही ठेवू नये.

मग ठेवायचं काय? जोर-बैठकांमधली साधी बैठक उदाहरण म्हणून घेऊ. ग्राउंडवर तुम्ही साठ जणांना बैठक शिकवलीत. तुमची नजर पडली तेव्हा संगीता (नाव मी दिलंय) बरोबर करत होती. घरी जाऊन तिने केल्या तेव्हा तिसऱ्या बैठकीला टाचा उचलल्या, पाचवीला गुडघे आत वळले, आठवीला पाठीचा कणा गोल झाला. तिला यातलं काही कळलं नाही, कारण बैठक करताना स्वतःला दिसत नाही. दोन दिवसांनी गुडघा दुखला आणि ‘मला व्यायाम सोसत नाही’ असा तिचा समज झाला. तुमच्या ॲपने हा प्रसंग टाळायचा आहे.

त्यासाठी लागतं ते इतकंच: बैठकीची पंधरा-वीस सेकंदांची एक चित्रफीत बाजूने घेतलेली, एक समोरून घेतलेली. आवाज नसला तरी चालेल, मराठीत एक ओळ खाली असू द्या. एकाच वेळी एकच सूचना. शिक्षक म्हणून आपल्याला सहा चुका दिसतात आणि सहाही सांगायचा मोह होतो, पण शिकणाऱ्याच्या डोक्यात एका वेळी एकच मावते. सूचना कशी द्यायची यावर हालचाली शिकण्याच्या अभ्यासक गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बरंच काम केलंय. शरीराच्या आतल्या भागाकडे लक्ष वेधण्यापेक्षा बाहेरच्या परिणामाकडे वेधलं तर हालचाल लवकर आणि चांगली जमते, असं त्यातून वारंवार दिसलं. ‘मांड्यांचे स्नायू आवळा’ याऐवजी ‘पायांनी जमीन खाली ढकला’. ‘पाठ सरळ’ याऐवजी ‘कुडत्यावरचं चित्र समोरच्या भिंतीला दिसू द्या’. अशा सूचना तुमच्याकडे ग्राउंडवर रोज तोंडी निघत असतील. त्या लिहून काढा. ॲपमधला सगळ्यात मोलाचा मजकूर तोच आहे, आणि तो बीसीएची मुलं लिहू शकत नाहीत.

फिती कुणाच्या घ्यायच्या? इंटरनेटवरचा पिळदार माणूस नको. तुमच्याच कॉलेजच्या, त्यांची परवानगी घेऊन, दोन मुली आणि दोन मुलगे घ्या. त्यात एक अंगाने भरलेली मुलगी असू दे, पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणी कमरेला बांधलेली. ‘माझ्यासारखी मुलगी हे करतेय’ हे पाहिल्यावर जे होतं ते तुमच्या-माझ्या भाषणाने होत नाही. फोन कमरेच्या उंचीवर टेकवा, मागे कोरी भिंत, सकाळचा उजेड. कमी रिझोल्यूशनची अशी फीत साधारण एका एमबीत बसते. चाळीस फिती केल्या तरी एकदा कॉलेजच्या वायफायवर उतरवून घेतल्या की नंतर नेट लागणार नाही, आणि रिचार्ज संपलेल्या मुलीचं ॲपही चालू राहील.

दुसरी गोष्ट नोंदीची. व्यायाम झाल्यावर ॲपने चार प्रश्न विचारावेत: काय केलं, किती मिनिटं, शून्य ते दहामध्ये किती दमलात, कुठे दुखलं का. बस. वीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर तिसऱ्या दिवसापासून कुणी भरणार नाही. दमल्याचा आकडा आणि मिनिटं यांचा गुणाकार हा त्या दिवसाचा भार: ३० मिनिटं, दमणूक ५, तर १५०. अमेरिकी अभ्यासक कार्ल फॉस्टर यांनी ही पद्धत रूढ केली आणि मोठमोठे संघ आजही ती वापरतात. त्याला घड्याळ नको, पट्टा नको, महागडा फोन नको. रक्तक्षय असलेल्या मुलीचे दहा मिनिटं चालण्याचे ६० आणि कबड्डीपटूचे दहा मिनिटं धावण्याचे ६० इथे सारख्याच मानाने बघितले जातात. दमणूक कशी ओळखायची हे पहिल्या आठवड्यात ग्राउंडवर शिकवा. व्यायाम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तर श्रम मध्यम. दोन-चार शब्दांनी थांबून श्वास घ्यावा लागतो, तर जोरदार. मुलांना हे करून बघायला फार आवडतं, आणि ‘दमणं म्हणजे काय’ हे स्वतःच्या शरीरावरून ओळखता येणं हाच या विषयाचा गाभा आहे, असं मी मानते.

तुमच्या स्वतःच्या पडद्यावर ४८० जणांच्या नोंदी नकोत, नाहीतर तुम्ही त्यातच बुडाल. तिथे फक्त तीन याद्या याव्यात. दहा दिवसांत एकही नोंद न केलेले, ‘दुखतंय’ असं लिहिलेले, आणि सलग दोन-तीन वेळा नऊ-दहा दमणूक लिहिलेले. सकाळी चहा घेता घेता या याद्या बघायच्या आणि ग्राउंडवर गेल्यावर त्या पाच-सात जणांना नावाने हाक मारायची. ‘संगीता, गुडघा कसा आहे? ये, बैठक दाखव मला.’ ही हाक ॲप देऊ शकत नाही. पण ४८० मधून आज संगीताला हाक मारायची आहे, एवढं ॲप तुम्हाला सांगू शकतं.

यादीतल्या दुसऱ्या प्रकाराकडे जरा जास्त लक्ष द्या. सत्राच्या सुरुवातीलाच, कुठलीही धावण्याची चाचणी घेण्याआधी, आरोग्याची छोटी प्रश्नावली भरून घ्या. कॅनडात तयार झालेली ‘पार-क्यू’ ही सात प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात: हृदयाचा आजार, छातीत दुखणं, चक्कर, हाडा-सांध्याचं दुखणं, चालू औषधं असे प्रश्न. त्यात दमा आणि रक्तक्षय जोडा. विदर्भात, नंदुरबारकडे, किनवटसारख्या भागात जे वाचक शिकवतात त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही प्रश्न जोडावाच. नुसते वाहक असले तरी कडक उन्हात, पाणी न पिता, जिवाच्या आकांताने धावल्यास त्यांना धोका संभवतो. ही उत्तरं फक्त तुम्हाला दिसावीत, प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना नाही. आणि रोजच्या नोंदीत ‘आज हलकं’ असं एक बटण ठेवा, कारण न विचारता. पाळी आहे हे ॲपला सांगायची वेळ मुलीवर येऊ नये.

ऋतूचं भान ॲपला असायला हवं. तुमचं पहिलं सत्र पावसाळ्यातलं, जुलै-ऑगस्टमध्ये ग्राउंडवर चिखल. दुसऱ्या सत्राच्या शेवटी मराठवाड्यात सकाळी दहालाच ऊन चटकतं. बाहेरून आणलेल्या वेळापत्रकात हे नसतं. म्हणून प्रत्येक दिवसाच्या व्यायामाला एक ‘घरातला’ जोडीदार द्या: जागच्या जागी उड्या, भिंतीला टेकून जोर, सूर्यनमस्कार, एका चटईएवढ्या जागेत होणारं. होस्टेलच्या दोन खाटांच्या मध्ये तेवढीच जागा असते. उन्हाळ्यात ॲपने सकाळी आठच्या आतली किंवा संध्याकाळी सहानंतरचीच वेळ सुचवावी आणि पाणी प्यायची आठवण करावी.

बीसीएच्या मुलांना कॅमेऱ्यासमोर व्यायाम केला की आपोआप बैठका मोजणारं काहीतरी करायचं असेल. कुठल्याही हुशार मुलाला हे करावंसं वाटेल. गूगलने २०२० मध्ये खुल्या केलेल्या साधनाने फोनचा कॅमेरा शरीरावरचे ३३ बिंदू ओळखतो, तेही नेटशिवाय. त्यांना ते जरूर शिकू द्या, प्रोजेक्टचे गुणही द्या. पण पहिल्या वर्षी ४८० जणांच्या हातात देऊ नका. सैल कुडत्यात गुडघा कुठे आहे हे कॅमेऱ्याला नीट कळत नाही, होस्टेलच्या मिणमिणत्या दिव्यात त्याहून नाही, आणि एकाच बाजूने बघणाऱ्या कॅमेऱ्याला गुडघे आत वळलेले दिसतीलच असं नाही. चुकीच्या बैठकीला यंत्राने ‘शाब्बास’ म्हटलं तर ती चूक पक्की होते. त्यापेक्षा जोडीदाराने जोडीदाराच्याच फोनवर स्लो मोशनमध्ये बैठक टिपायची, दोघींनी बघायची, ग्राउंडवर तुम्हाला दाखवायची आणि पुसून टाकायची. विद्यार्थिनींच्या अशा सरावाच्या फिती कुठल्याही सर्व्हरवर चढवू नका. हा नियम ॲपच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे आई-वडीलही निर्धास्त होतील.

बांधणीबद्दल थोडंच सांगते. चार आठवडे एकाच तुकडीवर, ॲपशिवाय करून बघा: फिती व्हॉट्सॲपवर आणि नोंदीसाठी गूगल फॉर्म. व्हॉट्सॲपचा ग्रुप करू नका, त्यात मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतात, चॅनेल करा. या चार आठवड्यांत कुठला प्रश्न कुणी भरत नाही, कुठली फीत पुन्हा पुन्हा बघितली जाते, हे कळेल आणि मुलांची दोन महिन्यांची मेहनत वाचेल. नंतर बनवायचं तेही ब्राउझरमध्ये उघडणारं, नेट नसतानाही चालणारं वेब-ॲप बनवा. एपीके (फोनवर थेट ॲप बसवणारी) फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून ‘इन्स्टॉल करा’ म्हणू नका. तसल्या फायलींमधून लोकांची बँक खाती रिकामी होताहेत, आणि त्या उघडायची सवय कॉलेजनेच लावणं बरं नाही. चाचणीला वर्गातला सगळ्यात जुना फोन घ्या. ज्यांच्या घरात एकच फोन आहे त्यांना छापील वही द्या, तेच चार प्रश्न असलेली, आणि तिला ॲपइतकीच किंमत द्या.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. त्यात १८ वर्षांखालील विद्यार्थी ‘मूल’ धरला जातो आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. तुमच्या प्रथम वर्षात सतरा वर्षांची मुलं असणारच. प्रवेशाच्या वेळीच संमतीपत्र घ्या, मराठीत, एका पानाचं: काय घेतोय, कशासाठी, कोण बघणार, कधी पुसणार. सत्राचा निकाल लागल्यावर आरोग्याची माहिती पुसून टाका. आणि सर्व्हर, पासवर्ड, मूळ कोड हे सगळं पहिल्या दिवसापासून कॉलेजच्या खात्यावर असू द्या. चारही मुलं मे महिन्यात पास होऊन पुण्याला निघून जातील. त्यांच्यासोबत दुसऱ्या वर्षाची दोन मुलं आत्ताच बसवली नाहीत तर जूनमध्ये ॲप बंद पडलेलं असेल.

आता गुण. फोनने मोजलेल्या कशालाही गुण नकोत. नोंद नियमित ठेवली याचे थोडे गुण चालतील, आकडा किती होता याचे नाहीत. ‘सुधारणेला गुण’ ही कल्पना ऐकायला छान वाटते, पण मग मुलं पहिली चाचणी मुद्दाम वाईट देतात. माझी पसंती अशी: ग्राउंडवरची उपस्थिती, शिकवलेल्या आठ-दहा हालचालींपैकी चिठ्ठी काढून तीन करून दाखवणं, आणि सत्राच्या शेवटी स्वतःसाठी चार आठवड्यांचा व्यायामाचा आराखडा, आपल्याच नोंदींच्या आधाराने, आणि त्यावर पाच मिनिटांची तोंडी परीक्षा. ‘तिसऱ्या आठवड्यात भार एकदम का वाढवलास?’ या प्रश्नाला जी मुलगी ‘मॅडम, पाऊस थांबला म्हणून, पण मग पोटऱ्या दुखल्या, पुढच्या वेळी हळू वाढवीन’ असं उत्तर देते तिला पैकीच्या पैकी द्या, ती धावण्यात शेवटची आली असली तरी. खोट्या नोंदी करणारा या पाच मिनिटांत तिसऱ्या प्रश्नापुढे जात नाही. ४८० जणांची तोंडी परीक्षा म्हणजे चाळीस तास; ते वेळापत्रकात आत्ताच मागून ठेवा.

गुरुजींचं म्हणणं मला मनापासून पटतं, म्हणून त्यांना वादात हरवायला जाऊ नका. ग्राउंड मोबाईलवर शिकवता येत नाहीच. पण व्यायामशाळेच्या भिंतीवर सूर्यनमस्काराचा तक्ता त्यांच्याही काळी असेल, आणि वस्ताद नसताना पोरं त्याकडे बघून नमस्कार घालत असतील. त्यांना फिती घेण्याच्या दिवशी बोलवा. जोराची, बैठकीची, नमस्काराची तपासणी त्यांच्याकडून करून घ्या. त्यांच्या तोंडच्या सूचना फितीखाली जाऊ द्या. आजवर ते फक्त तालमीतल्या पोरांना मिळालं, आता भिंतीकडेच्या मुलींनाही मिळेल.

शेवटचा तुमचा प्रश्न, नोकरीचा. ही भीती खरी आहे, तिला कमी लेखू नका. तासिका तत्त्वावर किंवा रिकाम्या राहिलेल्या जागा तुमच्या क्षेत्रात कमी नाहीत, आणि ‘ॲप आहे ना’ हे कारण कुणालाही सोयीचं वाटेल. तुमच्या आधीच्या आराखड्यात हा धोका पुरेपूर होता, कारण पावलं मोजून गुण द्यायला शिक्षक लागतच नाही. मी सांगतेय त्या ॲपमध्ये रोज ‘दुखतंय’ची यादी येते, आणि त्या यादीतल्या प्रत्येक नावाला माणूस भेटावा लागतो. त्याची नोंद ठेवा: किती तक्रारी आल्या, किती जणींची हालचाल तुम्ही दुरुस्त केलीत, किती जणींना रक्त तपासायला पाठवलंत. सत्राच्या शेवटी हा कागद दुसऱ्या शिक्षकाच्या मागणीला जोडायचा आहे.

प्राचार्यांकडे या आठवड्यातच जा. बत्तीस तासांचा हिशेब, एका तुकडीवरच्या चार आठवड्यांच्या प्रयोगाचं वेळापत्रक, संमतीपत्राचा मसुदा आणि मदतनीस शिक्षकाच्या मागणीचा अर्ज, हे चारही कागद एकत्र द्या आणि आवक क्रमांक घ्या. त्यांना नॅकसाठी काहीतरी दाखवायला हवंय, ते यात त्यांना मिळतंय. त्यामुळे बहुतेक ते हो म्हणतील. जीपीएस आणि गुणांची यादी हवीच असा त्यांनी हट्ट धरला, तर पालकांची लेखी संमती प्राचार्यांच्याच सहीने मागवली जावी एवढंच म्हणा.